थ्री नॉट थ्रीची चांदमारी

‘थ्री नॉट थ्री’ हे नाव २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीपासून हेटाळणीच्याच सुरात उच्चारले जाते. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ समोर पोलिसांच्या हाती ती होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी तिला समारंभपूर्वक निरोपही दिला. एनसीसीच्या संचलनात आमच्या पिढीने ती खांद्यावर वागवली, इतकाच आमचा तिच्याशी संबंध. तरीही आता ती दुर्मीळ होऊ लागली असताना, तिचा निवाडा वृत्तपत्रांच्या मथळ्यांऐवजी चांदमारीच्या मैदानावर व्हावा, असे आम्हांस वाटते.

तिचा १९०७ चा नमुना बंगालमधील इशापूरला घडे, काडतुसे आपल्या खडकीत. १८६९ पासूनच्या या कारखान्याची ‘के. एफ.’ ही अक्षरे काडतुसाच्या पितळी बुडावर उमटलेली असत. जुन्या काडतुसात भुकटी नसे; कॉर्डाइटच्या शेवयांसारख्या काड्यांची जुडी असे, आणि ती आत बसवल्यावरच पितळेची मान आवळली जाई. पुणेकरांना खडकीची ही कारागिरी ठाऊक असेलच असे नाही.

अशी रायफल पुन्हा झाडून पाहणे हे हौशी माणसाचे काम नव्हे. .३०३ बाळगण्यास सामान्य नागरिकाला कायद्याने मज्जावच आहे. पोलीस वा सैन्याचा आर्मोरर आधी नळी तपासतो. मग बोल्ट बंद केल्यावर काडतुसामागे किती फट उरते, ते मापकाने पाहतो. ती प्रमाणाबाहेर असेल तर पितळ फाटून तप्त वायू नेमबाजाच्या तोंडावर यायचा. म्हणून पहिले बार रायफल चौकटीत जखडून, दुरून दोरीने चाप ओढून काढावेत. खांद्याची पाळी नंतर. जुन्या काडतुसांचा क्षार नळी खातो, त्यामुळे शेवटी उकळते पाणी ओतणे आलेच.

या कसोटीला उतरलेले शस्त्र दुबळे नसते. गोळी सेकंदाला सुमारे ७४४ मीटर वेगाने सुटते. पहिल्या महायुद्धापूर्वी ब्रिटिश शिपायाकडून तीनशे यार्डांवर मिनिटाला पंधरा नेमक्या बारांची अपेक्षा असे. स्थानकाच्या गर्दीत, जवळच्या अंतरावर, ती एके-४७ ला पुरी पडणार नव्हती, हे खरेच. परंतु राम प्रधान समितीने दारूगोळ्याच्या टंचाईमुळे पोलिसांच्या नेमबाजीच्या सरावावर झालेल्या परिणामाकडेही बोट दाखवले होते. सरावच न मिळालेल्या हातांचा दोष आपण सोयीस्करपणे रायफलीच्या वयावर ढकलला. बारा-पंधरा वर्षे बार न काढलेल्या शिपायाच्या हाती नवे शस्त्र दिले, तर ते काय निराळे वागणार?

उरलेल्या रायफली भट्टीत जाण्यापूर्वी त्यांतल्या मोजक्या, सुस्थितीतल्या तरी रीतसर झाडून पाहाव्यात. बाराचा आवाज, निशाण्यावरील गोळ्यांचा पसारा, खांद्याला बसणारा धक्का, आणि ती हाताळत आयुष्य काढलेल्या आर्मोररची मराठी-हिंदी मिश्र बोली, सारे नोंदवून ठेवावे. रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घेण्याची पद्धत आहेच, त्यांतली ‘के. एफ.’ची एखादी खडकीतच जपून ठेवता येईल.