हसू कुणाचे, डाव कुणाचा?

बायकांच्या कुस्तीत विनोद असावा की नसावा, हा वाद रिकामटेकड्यांचा वाटेल. पण एका स्त्री मल्लाची अख्खी कारकीर्द याच प्रश्नाच्या फेऱ्यात सापडली होती, आणि तीही आपल्या महाराष्ट्रात.

हमिदा बानू मूळची मिर्झापूरची. अलीगढच्या सलाम पैलवानांच्या हाताखाली ती तयार झाली. १९५४ साली तिने जाहीर केले की, जो मला चीत करील त्याच्याशी मी लग्न करीन. त्याच वर्षीच्या मे महिन्यात बडोद्याला बाबा पैलवानाशी तिची कुस्ती अवघ्या १ मिनिट ३४ सेकंदांत निकाली झाली. लग्नाच्या त्या पैजेने तिचे नाव घरोघरी पोहोचवले, पण त्याच पैजेने तिची कुस्ती थट्टेचा विषयही केली. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली तिची लढत स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. कोल्हापुरात शोभासिंग पंजाबीला हरवल्यावर लोकांनी तिची हुर्यो उडवली, दगड मारले. तिने मुंबई राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. त्यावर मिळालेले उत्तर मासलेवाईक होते : बंदी बाई म्हणून नाही, तर तिच्यासमोर बनावट मल्ल उभे केले जातात अशा तक्रारी आहेत म्हणून. त्या तक्रारी किती खऱ्या होत्या यापेक्षा त्या लोकांना चटकन पटल्या, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. एकदा तमाशा म्हणून पाहायची सवय लागली की खरा डावही नुरा कुस्तीच वाटू लागतो. हमिदा बानूचे उत्तरायुष्य कल्याणला दूध विकण्यात गेले.

निकाल आधीच ठरलेली कुस्ती म्हणजे अमेरिकेतली करमणुकीची कुस्ती. केबल आली तशी ती आपल्याही घरात शिरली. तिथे खोटेपणाचा आरोप कुणी करीत नाही, कारण सगळेच रचलेले असते. मग तिथे विनोदाने काय बिघडते? याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. एका रात्रीच्या कार्यक्रमात पुरुषांच्या सहा-सात लढती असत. त्यांतली एखादी विदूषकी झाली तरी बाकीच्या उरत. बायकांच्या वाट्याला मात्र वर्षानुवर्षे एखादीच लढत येई. टोपलीतल्या पाच भाकरींतली एक करपली तर भागते. एकच भाकरी असेल आणि तीच करपली तर उपाशी राहावे लागते.

५ एप्रिल २००९ रोजी ह्यूस्टनला रेसलमेनियाच्या पंचविसाव्या सोहळ्यात नेमके हेच झाले. पंचवीस जणींची एकत्र लढत लावली होती. त्यासाठी जुन्या काळातल्या मल्लांनाही बोलावले होते. शेवटी जिंकला कोण, तर बाईचा वेष घेतलेला सँटिनो मरेला हा पुरुष मल्ल. प्रेक्षक हसले. पण वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री बायकांना मिळालेली ती जागा एका पुरुषाच्या विनोदाला आंदण गेली. पुढे फेब्रुवारी २०१५ मध्ये बायकांची एक जोडीची लढत अर्ध्या मिनिटात गुंडाळली गेली, तेव्हा प्रेक्षकांनीच ओरड केली की या मुलींना संधी द्या. त्यानंतर वेळ वाढला, आणि २०१९ साली रेसलमेनियाची अखेरची, मानाची लढत प्रथमच बायकांची झाली.

म्हणून विनोद हद्दपार करावा, असे मात्र मी म्हणणार नाही. न्यूझीलंडमध्ये जन्मलेली टोनी स्टॉर्म हिने २०२३ पासून जुन्या कृष्णधवल चित्रपटातल्या, गतवैभवात हरवलेल्या नटीचे सोंग घेतले. ते पाहून प्रेक्षक पोट धरून हसतात. पण घंटा वाजली की तिची कुस्ती कसलेली असते. त्याच सोंगात तिने त्या वर्षी विजेतेपद मिळवले. इथे हसू तिने स्वतः निर्माण केलेले आहे, आणि त्यापायी डाव कुठेही ढिला पडत नाही.

आपल्याला हा भेद कळायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. आपल्या तमाशातल्या गवळणीत मावशीचे काम परंपरेने पुरुष करीत आला, आणि लोक तिच्यावर हसत आले. पण विठाबाई नारायणगावकरांसारख्या कलावतीपुढे फड शांत होई तो त्यांच्या नृत्यामुळे, गळ्यामुळे. कलावंत बाई स्वतः हसवते आणि बाईच्या नावाने कुणीतरी हसवतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे फडावरच्या प्रेक्षकाला ठाऊक असते.

आमच्या बार्शीकडे जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच, आणि आता त्यात मुलींच्याही जोडी लागतात. आनंद आहे. परंतु ध्वनिक्षेपकावरचे बोलणे ऐकावे. मुलांची जोड असली की तालमीचे नाव, वस्तादाचे नाव, डावाचे वर्णन. मुलींची जोड असली की होणाऱ्या नवऱ्याची कीव. हमिदा बानूच्या पैजेला सत्तर वर्षे उलटली तरी लग्नाचा विनोद काही आखाड्याबाहेर गेला नाही. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही; पण त्या हशात मुलीने काढलेला एकेरी पट कुणाच्या ध्यानातच येत नाही.

महाराष्ट्र केसरी १९६१ पासून चालू आहे. महिलांसाठीची पहिली स्पर्धा व्हायला मार्च २०२३ उजाडला. सांगलीत प्रतीक्षा बागडी पहिली मानकरी ठरली. बासष्ट वर्षे उशिरा सुरू झालेल्या या वाटेवर आज ज्या मुली पहाटे जोर-बैठका मारतात, त्यांच्या घरच्यांनी खुराकासाठी पदरमोड केलेली असते. त्यांना इनामाइतकीच गरज आहे ती त्यांची कुस्ती कुस्ती म्हणून पाहिली जाण्याची. करमणुकीच्या कुस्तीत विनोद खुशाल असावा, फक्त तो बाईच्या हातात असावा आणि तिच्या वाट्याच्या वेळेला त्याने कात्री लावू नये. निकाली कुस्तीत मात्र जोड लागल्यापासून सुटेपर्यंत डावाचेच नाव घेतले जावे. जत्रा कमिट्यांना यासाठी एक पैसाही जास्त खर्चावा लागणार नाही. ज्याच्या हाती ध्वनिक्षेपक द्यायचा त्याला आधी एवढे बजावले तरी पुरे.