विश्लेषण : ३० वर्षांची युरोपीय ‘क्लासिक’ कार परवडते, पण कायद्याच्या लेखी ती वारसा की भंगार?

गोल दिव्यांची जुनी फियाट, खाली ‘इंजिन टकाटक, पेपर क्लिअर’ एवढाच मजकूर आणि किंमत बऱ्यापैकी मोटारसायकलच्या आसपास. अशा जाहिराती मोबाइलवर रोज दिसतात. जुन्या युरोपीय गाडीची हौस मध्यमवर्गीय खिशाला परवडू शकते, हे खरेच आहे. अडचण किमतीत नाही, गाडीच्या वयात आहे.

परवडणारी युरोपीय क्लासिक म्हणजे कोणती?

जग्वार ई-टाइप किंवा पोर्श ९११ सोडून द्या. आपल्याकडे आवाक्यात येतात त्या भारतातच बनलेल्या किंवा जोडलेल्या युरोपीय गाड्या. पहिले नाव अर्थातच फियाट ११०० चे. मूळ इटलीची ही गाडी प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात बनवली. पन्नाशीच्या दशकातले तिचे रूप लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखले, तर १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ हे नाव आले. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली आणि त्यानंतर खासगी पद्मिनीकडे लोक वेगळ्या नजरेने पाहू लागले. ॲम्बेसेडर हे ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डचे भारतीय रूप, तर मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड म्हणजे ट्रायम्फ हेराल्ड.

दुसरा गट नव्वदच्या दशकातला. टेल्कोच्या पुणे प्रकल्पात १९९५ पासून जोडली गेलेली ‘डब्ल्यू १२४’ मर्सिडीज, कल्याणची पूजो ३०९, हालोलची ओपल ॲस्ट्रा. तिशीच्या आसपासच्या या गाड्या आज सर्वांत स्वस्त आहेत आणि नेमक्या त्याच सर्वांत जास्त अडचणीत आहेत.

नियम काय सांगतात?

केंद्राने २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी नोंदणीचे स्वतंत्र नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, मूळ स्वरूप न बदललेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी ‘विंटेज’ ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे, नूतनीकरणाला पाच हजार. नव्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, देखभाल आणि इंधन भरणे एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोज ऑफिसला नेता येत नाही.

दुसऱ्या टोकाला १५ वर्षांची मर्यादा आहे. त्यानंतर खासगी गाडीची दर पाच वर्षांनी तपासणी आणि फेरनोंदणी करावी लागते. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारींच्या फेरनोंदणीचे शुल्क १० हजार रुपये झाले, आयात केलेल्या मोटारींसाठी तब्बल ८० हजार.

मधल्या ३५ वर्षांचे काय?

इथेच खरी मेख आहे. १९७४ ची पद्मिनी आज विंटेज म्हणून नोंदवता येते. १९९६ च्या पद्मिनीला त्यासाठी २०४६ पर्यंत थांबावे लागेल. दोन्हींचा सांगाडा जवळपास तोच, तरी एक वारसा आणि दुसरी नुसतीच जुनी गाडी. तोपर्यंत तिने दर पाच वर्षांनी तपासणीत टिकायचे आणि तरुण गाडीपेक्षा जास्त शुल्क भरायचे. प्रदूषणाचा मुद्दा रास्त आहे, कार्ब्युरेटरचे इंजिन धूर जास्त सोडते. पण महिन्यातून दोनदा निघणारी गाडी आणि रोज शंभर किलोमीटर धावणारी गाडी यांत हा नियम फरक करत नाही.

जर्मनीत ३० वर्षांच्या, नीट जपलेल्या गाडीला ‘एच’ अक्षराची पाटी मिळते, वर्षाला साधारण १९२ युरो ठरावीक कर भरायचा आणि गाडी रोजही वापरता येते. ब्रिटनमध्ये ४० वर्षांनंतर वाहन करातून आणि वार्षिक तपासणीतून सूट मिळू शकते. जुन्या गाड्यांच्या ‘फिवा’ या जागतिक महासंघानेही ३० वर्षांचीच रेषा धरली आहे. आपली रेषा २० वर्षे पुढे आहे, त्यामुळे तिथे पोहोचण्याआधीच बऱ्याच गाड्या कापल्या जाणार, असे दिसते.

मग बाहेरूनच आणली तर?

जर्मनीत स्वस्तात दिसणारी तिशीतली मर्सिडीज पाहून हा विचार येतोच. पण वापरलेली मोटार आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी आणि स्टिअरिंग उजवीकडे असावे, अशी अट आहे. सवलत आहे ती खूप जुन्या विंटेज गाड्यांना, म्हणजे मधली पिढी इथेही बाहेरच. शिवाय सर्व कर मिळून गाडी मूळ किमतीच्या दुपटीच्या पुढे जाते.

घेताना आधी काय पाहायचे?

आधी कागद, मग पत्रा आणि सर्वांत शेवटी इंजिन. बहुतेक जण नेमके उलट करतात.

जुने आरसी पुस्तक हाती असले तरी नोंद ऑनलाइन ‘वाहन’ प्रणालीत आहे का, ते पाहा. नसेल तर आरटीओत बॅकलॉग नोंद करून घेण्याची खटपट तुमच्या माथी. चासी आणि इंजिन क्रमांक स्वतः वाचा. अनेक फियाटमध्ये पुढे डिझेल इंजिन बसले, अनेकांत गॅस किट. पुस्तकात पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असेल तर तपासणीत गाडी अडकते आणि ‘मूळ स्वरूप’ गेल्याने विंटेजचा दरवाजाही बंद होतो. मालक हयात नसेल तर वारसांच्या नावावर गाडी झाल्याशिवाय पैसे देऊ नका. वीस वर्षांपूर्वी फिटलेल्या कर्जाचा बोजा अजून पुस्तकावर असणे हेही नेहमीचेच.

फियाटला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे गंज हा रंगाचा प्रश्न राहत नाही. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक दाराखालच्या पट्टीवर फिरवा. जिथे ते चिकटत नाही, तिथे पत्र्याच्या जागी पुट्टी आहे. मॅट उचलून फ्लोअर बघा. खाऱ्या हवेतल्या गाडीपेक्षा सोलापूर-नगरकडची गाडी म्हणूनच दोन पैसे जास्त देऊन घ्यावी.

इंजिनाचे बोलायचे तर, मेकॅनिकलच्या चार वर्षांत मी कार्ब्युरेटर फक्त आकृतीत काढला होता. उघडलेला पाहिला तो एका गॅरेजमध्ये, तळाशी पाणी आणि पांढरट गाळ साचलेला. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल ओलावा धरते आणि जुने रबर खराब करते. इंधनाच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि सील इथेनॉल सोसणारे बसवून घ्यावेत, टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल पडून राहू देऊ नये.

फियाटचे सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत अजून शोधता येतात. मर्सिडीजचे भागही मिळतात, पण त्यांची किंमत गाडी नवी असतानाच्या हिशेबाने असते. त्या काळच्या काही मर्सिडीज इंजिनांच्या वायरिंगचे आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळते. विकणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा तो हार्नेस बदलला का हा, आणि बिल मागा.

विमा कंपनीशी गाडीचे मूल्य आधीच लेखी ठरवून घ्या. पाच वर्षांवरील गाडीसाठी ते दोघांच्या संमतीने ठरते. न ठरवल्यास डेंटिंग-पेंटिंगवर घातलेले दीड-दोन लाख विमा कंपनीच्या हिशेबात धरलेच जात नाहीत.