श्वास मोजणारे थकवा कधी मोजणार?

उड्डाणापूर्वीच्या श्वासपरीक्षेत एखादा वैमानिक दोषी आढळला की वृत्तपत्रांचे रकाने भरून जातात. हा संताप रास्तच असतो. शेदीडशे जिवांचा भार ज्याच्या हाती सोपविला आहे, त्याच्या रक्तात मद्याचा अंशही असता कामा नये. भारतात उड्डाणापूर्वी 12 तास मद्यप्राशनास बंदी आहे आणि श्वासपरीक्षेत मद्याचे प्रमाण शून्यच यावे लागते. अमेरिकेत ही बंदी 8 तासांची असून रक्तातील मद्याची मर्यादा 0.04 टक्के आहे. भारताचा नियम अधिक कडक आहे आणि तो तसाच राहिला पाहिजे. श्वासपरीक्षेने आपला अपमान होतो असे कोणा वैमानिकास वाटत असेल, तर त्याने रेल्वेच्या इंजिनचालकाकडे पाहावे. तोही कामावर रुजू होताना हीच परीक्षा देतो. वेतन मोठे असल्याने कोणाचा श्वास अधिक प्रतिष्ठित ठरत नाही.

किंबहुना पद जितके मोठे, तितका नियम कठोरपणे लागू व्हावयास हवा. 13 जानेवारी 1977 रोजी अलास्कातील अँकरेज येथे जपान एअरलाइन्सचे मालवाहू विमान उड्डाण करताच कोसळले आणि त्यातील पाचही माणसे मृत्युमुखी पडली. कॅप्टन दारूच्या अमलाखाली होता. सहकाऱ्यांनी त्यास रोखले नाही, याची चौकशी अहवालाने स्पष्ट नोंद केली. वरिष्ठाचा हात धरण्याचे धैर्य कनिष्ठास कसे व्हावे? म्हणूनच पद न पाहणारी यंत्रणा आवश्यक ठरते. 2018 मध्ये दिल्लीहून लंडनला निघालेल्या विमानाचे सारथ्य करू पाहणारा एअर इंडियाचा संचालनप्रमुखच या परीक्षेत नापास झाला आणि त्याचा परवाना 3 वर्षांसाठी निलंबित झाला. नियमाचे खरे सामर्थ्य अशा वेळी दिसते.

परंतु येथेच दुसरा प्रश्न उपस्थित होतो. वैमानिकाची शुद्ध केवळ मद्यानेच हरपते काय? 14 सप्टेंबर 2008 रोजी रशियातील पेर्म येथे एरोफ्लोतचे विमान कोसळून 88 जण ठार झाले. कॅप्टनच्या शरीरात मद्य आढळले, ही गोष्ट जगभर गाजली. त्याच अहवालाने आणखी एक गोष्ट नमूद केली होती: त्याचे कामाचे वेळापत्रक नियमबाह्य होते आणि त्यामुळे तो थकलेला होता. ती मात्र फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाही. 1997 मध्ये डॉसन आणि रीड या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले की, सलग 17 तास जागलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात 0.05 टक्के मद्य असल्याइतकी खालावते. म्हणजे अमेरिकेची सैल मर्यादासुद्धा असा माणूस थेंबभर दारू न पिता ओलांडतो!

या दुसऱ्या नशेबाबत शासनाचा न्याय कसा आहे? जानेवारी 2024 मध्ये विमान वाहतूक महासंचालनालयाने वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती 36 वरून 48 तास केली आणि रात्रीच्या अवतरणांवर मर्यादा घातली. कंपन्यांनी विरोध केला, अंमलबजावणी लांबली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यानंतर 2025 च्या जुलै व नोव्हेंबर महिन्यांत, दोन टप्प्यांनी, नियम लागू झाले. जवळजवळ दोन वर्षांची सवड मिळूनही इंडिगोची पुरेशी तयारी नव्हती. डिसेंबर 2025 मध्ये तिची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा शासनाने तिला रात्रपाळीच्या नियमांतून 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत सूट दिली. पुढे दंड झाला, हे खरे. पण तोवर नियम वाकला होता. दोषी वैमानिकाचा परवाना पहिल्याच वेळी 3 महिने निलंबित होतो आणि तिसऱ्या वेळी कायमचा जातो. त्याला अशी सूट कधी मिळाली आहे काय?

याचे अर्थशास्त्र साधे आहे. श्वासपरीक्षेचा खर्च नगण्य आणि दोष एकट्या वैमानिकाचा. विश्रांती द्यावयाची तर अधिक वैमानिक नेमावे लागतात आणि तो खर्च नफ्यातून जातो. नफा भागधारकांचा, जोखीम मात्र प्रवाशांची, असा हा हिशेब आहे.

शिक्षेच्या जोडीला उपचाराचा मार्गही हवा. परवाना जाण्याच्या भयाने व्यसन लपविले जाते आणि लपलेले व्यसन अधिक घातक असते. अमेरिकेत 1974 पासून वैमानिकांच्या संघटनेच्याच पुढाकाराने अशी योजना चालते. व्यसनी वैमानिकाला उड्डाणापासून दूर केले जाते, त्याच्यावर उपचार होतात आणि कडक देखरेखीखालीच तो परत येतो. येथील संघटनांनीही हा पुढाकार घेतला पाहिजे.

समाजवादी कार्यकर्त्यांनी मद्यबंदीच्या नियमात तसूभरही सवलत मागू नये. मात्र वैमानिकाला जसा शून्याचा नियम आहे, तसाच त्याच्या विश्रांतीच्या बाबतीत मालकालाही असावा, ही मागणी प्रत्येक व्यासपीठावरून झाली पाहिजे. प्रवाशाचा जीव दोन्हीकडे सारखाच टांगणीला लागलेला असतो.