खाटेवरचे माणूस सिस्टरबाईंना ओळखू द्या



घरचे माणूस दवाखान्यात भरती झाले की आपली धांदल उडते. कोणी डब्याचे पाहतो, कोणी पैशाची जुळवाजुळव करतो. तेवढ्यात सिस्टरबाई कागद घेऊन येतात आणि विचारू लागतात : वय किती, जेवण कसे, झोप कशी, तंबाखू-दारूची सवय आहे का? आपल्याला वाटते, दुखते पोट, मग या चौकशा कशाला? पण निम्मी सेवा या चौकशीतच असते.

आपल्या वर्धा जिल्ह्याला हे नवे नाही. सेवाग्राम आश्रमात परचुरे कुटी आहे. परचुरे शास्त्रींना कुष्ठरोग होता. 1940 च्या सुमारास अशा रोग्याला लोक दारात उभे करीत नसत. गांधीजी मात्र स्वतःच्या हाताने त्यांना मालीश करीत. शास्त्रीबुवा संस्कृताचे पंडित आहेत, याचाही त्यांनी मान ठेवला. रोगाबरोबर माणूसही ओळखला, म्हणून ती खरी शुश्रूषा झाली. पुढे 1969 साली त्याच सेवाग्रामात डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. कस्तुरबा रुग्णालयाच्या खाटांवर आजही बहुतेक आपल्यासारखीच शेतकरी-शेतमजूर माणसे असतात.

आता न सांगितल्याने काय होते ते पाहा. म्हातारेबुवा रोज दारू घेतात, पण लाजेपोटी घरचे ते लपवतात. दारू एकाएकी तुटली की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, माणूस बरळू लागते, कधी झटकेही येतात. आधी माहीत असेल तर डॉक्टर त्यावर औषध सुरू करतात. नसेल तर जिवावर बेतते.

सासूबाईंना साखरेचा आजार आहे, आणि एकादशीचा उपास त्या गुपचूप धरतात. गोळी किंवा इंजेक्शन चालू आणि पोट रिकामे, मग साखर एकदम उतरते, घाम फुटतो, भोवळ येते. त्यांच्या पायांना बधिरपणा असेल तर तेही सांगा. गरम पाण्याच्या पिशवीने कातडी भाजली तरी त्यांना कळत नाही.

पऱ्हाटीवर फवारणी करताना माणूस पडले तर औषधाच्या डब्याचे नाव सांगा. साप चावला असेल तर वेळ सांगा; सापामागे धावू नका. घरात सिकलसेल असेल तर लपवू नका. सोयरिकीची भीती वाटते हे खरे, पण अशा पोराला पाणी भरपूर लागते आणि थंडीपासून जपावे लागते. गावठी औषध, जडीबुटी दिली असेल तर तेही सांगावे. सिस्टरबाई रागावल्या तरी चालेल.

आणखी एक. आजीला कमी ऐकू येते, बाबांना परक्या बाईसमोर लघवीला संकोच वाटतो, सूनबाई दुखले तरी 'बरं आहे' म्हणते. या गोष्टी तपासणीत सहसा दिसत नाहीत, त्या घरच्यांनाच ठाऊक असतात.

म्हणून आज दिवाबत्तीनंतर एक काम करा. शाळेत जाणाऱ्या लेकराला बसवून घरातल्या प्रत्येकाचे वय, जुने आजार, चालू गोळ्या, न सोसणारे औषध आणि सवयी एका वहीत लिहून घ्या. वही रेशनकार्डाजवळ ठेवा. रात्री-बेरात्री गाडी जुंपायची वेळ आली, तर पैशाच्या आधी ती वही पिशवीत टाका.