आधी आपली तयारी, मग मित्र

फिनलंड ४ एप्रिल २०२३ रोजी ‘नाटो’चा एकतिसावा सदस्य झाला, तेव्हा युक्रेनवरील आक्रमणाने घाबरून या देशाने अमेरिकेचा आसरा घेतला, असा अर्थ अनेकांनी काढला. तो अपुरा आहे. फिनलंड रिकाम्या हाताने गेला नाही.

रशियाशी १,३४० किलोमीटरची सीमा असलेल्या या देशाची लोकसंख्या जेमतेम ५६ लाख. नोव्हेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत फौजा चालून आल्या, तेव्हा फिनलंड १०५ दिवस लढला. स्वीडनमधून स्वयंसेवक आले, सहानुभूती जगभरातून आली. पण कोणत्याही सरकारने आपले सैन्य पाठवले नाही. करेलिया प्रदेशाचा मोठा भाग गेला, चार लाखांहून अधिक लोकांना घरदार सोडावे लागले. वेळ आली की आपणच, हा धडा तिथल्या राज्यकर्त्यांनी आणि सामान्य माणसांनीही कायमचा गिरवला.

पुढे १९४८ चा मैत्री करार करून फिनलंडने मॉस्कोशी जुळवून घेतले. त्यात स्वातंत्र्य टिकले, पण किंमतही मोजावी लागली. सोव्हिएत छळछावण्यांवरील सोल्झेनित्सीन यांच्या ‘गुलाग आर्किपेलागो’ या पुस्तकाचा फिनिश अनुवाद १९७४ मध्ये स्वीडनमध्ये छापावा लागला. शेजाऱ्याची मर्जी राखताना स्वतःच्याच वाचकापासून पुस्तक दूर ठेवावे लागणे, ही लहान देशाच्या वाट्याला येणारी फार जिव्हारी लागणारी तडजोड होती.

तरीही या काळात तयारी कधी थांबली नाही. शीतयुद्ध संपल्यावर स्वीडनने २०१० मध्ये, जर्मनीने २०११ मध्ये सक्तीची लष्करी सेवा स्थगित केली. फिनलंडने ती चालूच ठेवली. म्हणून आज युद्धकाळात २ लाख ८० हजारांची फौज उभी करण्याची त्याची क्षमता आहे. धान्य आणि इंधनाचे राखीव साठे आहेत. हेलसिंकीत इटाकेस्कुस येथे खडकाच्या पोटात जलतरण तलाव आहे. एरवी तिथे लोक पोहतात. संकट आले तर ७२ तासांत त्याचा निवारा होतो आणि ३,८०० माणसे आत राहू शकतात. देशातील सुमारे ५० हजार निवाऱ्यांत मिळून ४८ लाख लोकांची सोय आहे. अशा नागरी तयारीला संरक्षणखर्चात सहसा कोणी धरत नाही, पण खरे बळ तिथेच आहे.

म्हणूनच मे २०२२ मध्ये फिनिश संसदेने १८८ विरुद्ध ८ मतांनी ‘नाटो’चा कौल दिला, तो आत्मविश्वासाने. वॉशिंग्टनच्या शब्दाविषयी आज युरोपभर शंका असताना हेलसिंकीचे धोरण इतरांइतके डळमळत नाही, तेही यामुळेच.

मात्र व्यक्तिविरोधी सुरुंगांवर बंदी घालणाऱ्या ओटावा करारातून बाहेर पडण्याचा २०२५ मधला निर्णय आम्हाला पटत नाही. सीमेवरची धास्ती खरी आहे. पण सुरुंग सैनिक आणि शेतकरी यांत फरक करत नाही आणि युद्ध संपले तरी निकामी होत नाही. एवढी भक्कम तयारी असलेल्या देशाच्या संसदेने या एका निर्णयाचा फेरविचार करायला हवा.