परिचारिकेच्या शिक्षणाचे मोल

वैद्यकीय क्षेत्र म्हणजे एम.बी.बी.एस., अशी आपल्या समाजाची ठाम समजूत आहे. परंतु जन्मतः न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात बॅग-मास्कने श्वास देणारे हात पुष्कळदा परिचारिकेचे असतात. बारावीनंतर दोन वर्षांचा ए.एन.एम. किंवा तीन वर्षांचा जी.एन.एम. अभ्यासक्रम करता येतो. जी.एन.एम. व नोंदणीनंतर दोन वर्षांत पोस्ट बेसिक बी.एस्सी. होते. गरजू कुटुंबातील मुलामुलींसाठी ही स्वावलंबनाची वाट आहे.

मात्र प्रवेशापूर्वी संस्थेची मान्यता अवश्य तपासावी. सीबीआय चौकशीनंतर २०२४ मध्ये आपल्या मध्य प्रदेशातील ६६ नर्सिंग महाविद्यालये अपात्र ठरली. परीक्षा रखडून अनेक विद्यार्थ्यांची उमेदीची वर्षे वाया गेली.

दोष केवळ त्या संस्थांचा नाही. अप्रशिक्षित मुलीला अल्प वेतनावर नेमून तिला ‘सिस्टर’ म्हणवणारी नर्सिंग होम्स डॉक्टरांचीच असतात. शिक्षण घेतलेली आणि न घेतलेली यांना सारखेच वेतन मिळणार असेल, तर पालकांनी शिक्षणावर खर्च का करावा? इंदूरच्या मराठी डॉक्टरांनी नोंदणी पाहूनच नेमणूक करावी, आणि आज आपल्याकडे काम करणाऱ्या होतकरू मुलींच्या शिक्षणाचा भार उचलावा. नवजात बाळांच्या सुरक्षिततेसाठी एवढे तरी आपण करायलाच हवे.