पाटी वाचता आली पाहिजे

गोरेगाव म्हटलं की मुंबईकराला लोकलचं स्टेशन आठवतं; आमच्या हिंगोली जिल्ह्यातलं गोरेगाव मात्र सेनगाव तालुक्यातलं, एसटीच्या पाटीवर शोधावं लागणारं. ती पाटी वाचता येणं म्हणजेच खरं शिक्षण, हे बौद्धिक अक्षम मुलांच्या बाबतीत तर सोळा आणे खरं. अशा मुलाला वर्षानुवर्षं बाराखडी गिरवायला लावायची आणि बसस्थानकावर त्याचा हात धरूनच फिरायचं, यात काय मिळवलं? त्यापेक्षा खरी तिकिटं, खरी पाकिटं, विजेचं खरं बिल वर्गात आणा. एका वेळी एकच गोष्ट: आज बिलावरची शेवटची तारीख, उद्या रक्कम. हिरवा ठिपका शाकाहारी, गोळ्यांच्या पाकिटावरची उभी लाल रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. इथं अक्षराआधी खूणच बोलते. मग दुकानात, स्टँडवर नेऊन तेच करून घ्या, कारण वर्गात ओळखलेली पाटी गर्दीत ओळखू येईलच असं नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली, एसटीच्या भाड्यात दिव्यांगांना 75 टक्के सवलतही आहे. पण आपली गाडी कोणती हेच कळलं नाही, तर सवलत घेऊन जायचं कुठं? तेव्हा गुरुजींनो, आईबापांनो, किराण्याची रिकामी पाकिटं फेकू नका. तेच या मुलांचं पहिलं पाठ्यपुस्तक आहे.